मिलानला पत्र गेलं, आता सुभाषनगरात टेबल टाका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात चप्पल लाईनला दुकान चालवतो. दुकान वडिलांपासनं आहे आणि वडील त्याच्या आधी सुभाषनगरात घरी बसून स्वतः जोड बनवायचे, त्यामुळं हा धंदा मी गल्ल्यावरनं पण बघितलाय आणि रापी-आरी हातात घेऊन पण. तुमच्या पेपरात व्यापाऱ्यांच्या, चेंबरच्या म्हणजे व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेच्या बातम्या असतात त्या मी रोज वाचतो. मेळावा, जीएसटीची कार्यशाळा, पालकमंत्र्यांना निवेदन, नवीन कार्यकारिणीचा सत्कार, हे सगळं. ते पण लागतंच, त्याबद्दल तक्रार नाही. पण चेंबरनं केलेल्या एका मोठ्या कामाबद्दल मनापासनं लिहायचंय आणि त्याच कामाला जोडून एक मागणं आहे.

काम म्हणजे प्राडाचं, ती इटलीची महागड्या फॅशनची कंपनी. २२ जून २०२५ ला मिलानमध्ये त्यांचा शो झाला आणि मॉडेलच्या पायात सरळसरळ आपली कोल्हापुरी, अंगठा तोच, पट्टा तोच, आणि कोल्हापूरचं नाव कुठंच नाही, नुसतं लेदर सँडल. फोटो व्हॉट्सअपवर फिरायला लागले तेव्हा आमच्या लाईनीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. राग सगळ्यांनाच आला, ग्रुपवर सगळ्यांनी काढला पण, पण तो कागदावर नेला महाराष्ट्र चेंबरनं. १९२७ साली वालचंद हिराचंदांनी सुरू केलेली ही संस्था आणि तिचे तेव्हाचे अध्यक्ष ललित गांधी आपल्या कोल्हापूरचेच. त्यांनी थेट प्राडाला पत्र लिहिलं की ही चप्पल कुणाची आहे, तिला जीआय आहे, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायचा कायदेशीर हक्क आहे, कारागिरांना श्रेय द्या. आणि त्याचं उत्तर आलं. प्राडाचे एक बडे अधिकारी लोरेन्झो बर्तेलींनी मान्य केलं की डिझाईन आपल्या पारंपरिक चपलेवरनं घेतलंय. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात आली, कारागीर कसं बसतात, तळ कसा ठोकतात, वेणी कशी घालतात ते समोर बसून बघून गेली. डिसेंबरमध्ये करार झाला, आपलं संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ म्हणजे लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर, दोघांबरोबर. २,००० जोड इथंच बनणार, किंमत ८०० युरोच्या आसपास, म्हणजे आपले ऐंशी हजारांच्या वर, आणि फेब्रुवारी २०२६ पासनं विक्री असं तेव्हा जाहीर झालं. कारागिरांना ट्रेनिंग पण देणार आहेत.

संपादक साहेब, मी पन्नाशी ओलांडली, पण व्यापाऱ्यांच्या संघटनेनं लिहिलेल्या एका पत्राचं एवढं पुढं गेलेलं मी पहिल्यांदा बघितलं. माझे वडील असते तर त्यांनी तो पेपर जपून ठेवला असता.

पण आता मुद्द्याचं. २,००० जोडांचं काम काही घरांना मिळेल, सगळ्यांना नाही. बाकीच्यांचं काय?

त्या जुलैत अजून एक गोष्ट झाली ती जास्त कुणी लक्षात घेतली नाही. काही वकिलांनी प्राडाविरुद्ध मुंबई हायकोर्टात जनहित याचिका टाकली होती, कोर्टानं ती फेटाळली. सोप्या भाषेत सांगायचं तर कोर्ट म्हणालं, ज्यांच्या नावावर जीआय आहे ते स्वतः येऊ शकतात की, तुम्ही कोण? हे वाचून मी जरा खोलात गेलो, माझा भाचा वकिली शिकतोय त्याच्याकडनं समजून घेतलं. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जो जीआय मिळाला तो आठ जिल्ह्यांना मिळून आहे, आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मालक म्हणून नाव दोन्ही महामंडळांचं. आणि कारागिरानं स्वतःचं नाव 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळं नोंदवायचं असतं, जीआय-३ नावाचा फॉर्म आहे, तो चेन्नईच्या ऑफिसला जातो. हे नाव नोंदवलं की तो कारागीर जीआयची खूण अधिकृतपणे लावू शकतो आणि कुणी नकली माल कोल्हापुरी म्हणून विकत असेल तर स्वतः दावा टाकू शकतो, त्यासाठी मुंबई-दिल्ली करायची गरज नाही, जिल्हा कोर्टात चालतं. म्हणजे जीआय 'आपल्याला मिळालाय' असं आपण सगळे म्हणतो, आमच्या लाईनीत बोर्डवर पण लिहिलेलं असतं, पण ज्या बाईच्या हातानं ती वेणी घातली तिचं नाव त्या रजिस्टरला आहे का? हा खरा प्रश्न आहे.

मी विचारलं. आमच्याकडं वीस-बावीस वर्षं माल देणारं एक घर आहे सुभाषनगरात, नाव लिहीत नाही. मावशी दारात बसल्या होत्या, पायाच्या अंगठ्याला वादीचं एक टोक अडकवलेलं आणि हात आपला चाललेला, डोळे माझ्याकडं आणि वेणी एकसारखी पडतेय, एक सुद्धा पदर मागंपुढं नाही. मी म्हटलं, मावशी तुमचं जीआयला नाव आहे का? त्यांनी सुनेला हाक मारली, सून आतनं एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आली, त्यात आधार, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक, कुठल्या तरी शिबिराचं सर्टिफिकेट आणि एका मेळाव्याचा गळ्यात घालायचा बिल्ला. "ह्यातलं कुठलं बघा." मला काही बोलताच आलं नाही. पिशवी व्यवस्थित ठेवलीय, एकही कागद मुडपलेला नाही, फक्त जो कागद पाहिजे तो त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नाही.

तो कागद का पाहिजे ते पण सांगतो. गेल्या पावसाळ्यात एक गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं, अंबाबाईचं दर्शन करून. पिशवीतनं चप्पल काढून काउंटरवर ठेवली, म्हणे कोल्हापुरात घेतली, दोनदा भिजली आणि असं झालं. तळ उघडला होता आणि आत पुठ्ठा, भिजून लगदा झालेला, वरनं रेक्झिन आणि कडेला शिलाई दिसावी म्हणून मशीननं मारलेला दोरा. आपल्या चपलेला कातड्याच्या वादीची शिवण असते, खिळा नसतो, पावसात घालायची ती नव्हेच पण भिजली तर सावलीत वाळवून तेल लावलं की परत उभी राहते, लगदा होत नाही. ती चप्पल माझ्या दुकानातली नव्हती पण त्या माणसानं शिवी दिली ती कोल्हापूरला. आणि मावशींच्या घरात जी जोडी दोन माणसं मिळून करतात ती या मशीनच्या मालाशेजारी ठेवून गिऱ्हाईक म्हणतं, तिकडं तर तीनशेला मिळतेय. लिडकॉमनं आता क्यूआर कोडचं काम सुरू केलंय, चांगली गोष्ट आहे, पण कोड लावायला आधी कारागीर रजिस्टरला पाहिजे ना.

आता जे लिहितोय ते आमच्याच लोकांना टोचेल, पण लिहिलं पाहिजे. पैशाचं. कारागीर माल आणून टाकतो, आम्ही वहीत लिहून ठेवतो आणि पैसे थोडे थोडे देतो, शनिवारी पाचशे, सणाला दोन हजार, ही पद्धत आहे, पिढ्यान्‌पिढ्या आहे. दिवाळीचा माल ऑक्टोबरात येतो आणि त्याचे पैसे जानेवारी उजाडला तरी काही ठिकाणी बाकी असतात. मी पण असंच करायचो. कायदा काय म्हणतो ते मला चेंबरच्याच एका कार्यशाळेत कळलं, म्हणून म्हटलं कार्यशाळा पण लागतात. एमएसएमई म्हणजे छोट्या-मध्यम उद्योगांचा कायदा २००६ चा आहे. छोट्या उत्पादकाकडनं माल घेतला तर लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे आणि करार नसेल तर १५ दिवसांत. पंधरा! आमच्या लाईनीत लेखी करार कुणाकडं आहे? उशीर केला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण चक्रवाढ, महिन्याच्या महिन्याला. आणि आता इन्कम टॅक्सला पण तसा नियम आलाय, पैसे वेळेत दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च धरता येत नाही. त्या दिवशी हॉलमधले सगळे व्यापारी सीएला विचारत होते की यातनं आपण कसे सुटू. मी घरी येऊन वही काढली, बेरीज केली आणि त्या आठवड्यात सगळ्यांचे क्लिअर केले. झोप चांगली लागली एवढं सांगतो.

पण गंमत बघा, हा कायदा ज्याच्यासाठी आहे त्याला तो लागू व्हायचा तर त्याचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, पाहिजे. ते फुकट आहे, आधारवर होतं, ऑनलाईन अर्ध्या तासाचं काम. तरी मावशींच्या पिशवीत ते नाही. कारागिरांसाठीची केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासनं आहे, त्यात चर्मकारांचा समावेश आहे, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात १ लाखाचं कर्ज ५ टक्क्यांनी, त्याची चौकशी पण त्यांच्या घरातनं कुणी केली नव्हती. कारण कोण सांगणार? पोरगं फाउंड्रीत शिरोलीला जातं, सकाळी सातला निघतं ते रात्री येतं.

पोरं का जातात त्याचं पण कारण आहे. कातडं महाग झालंय. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर बैलाचं कातडं राज्यात मिळणं जवळजवळ बंद झालं, आता तळाला म्हशीचं आणि ते पण बरंचसं चेन्नईकडनं मागवावं लागतं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं इथलं कातडं तर फारच कमी घरात राहिलंय. पावसाळ्याचे तीन-चार महिने वाळवण होत नाही म्हणून काम अर्धं. त्या महिन्यात घर चालतं ते दुकानदाराकडनं येणाऱ्या बाकीवर आणि नेमकी तीच थकलेली असते. सप्टेंबर २०२५ मध्ये २,५०० रुपयांपर्यंतच्या चपलेवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आला, आधी हजारापर्यंत १२ आणि वर १८ होता, त्याचा आम्हा दुकानदारांना फायदा झाला, मी पण जोडामागं किंमत उतरवली. पण त्यातलं कारागिराच्या मजुरीत किती गेलं हे प्रत्येकानं आपापलं बघावं.

तर माझं मागणं एवढंच आहे. चेंबरनं सुभाषनगरात आणि जवाहरनगरात टेबल टाकावं. हॉल नको, मंडप नको, पाहुणे नकोत. एक टेबल, एक लॅपटॉप, प्रिंटर, एक सीए नाहीतर कॉलेजचा पोरगा आणि लिडकॉमचा एक माणूस. रविवारी संध्याकाळी, कारण रविवारी सगळे घरात असतात. आलेल्या प्रत्येकाचं उद्यम करून द्यायचं, जीआय-३ चा फॉर्म भरून घ्यायचा, विश्वकर्माचा अर्ज टाकायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फॉर्म गेल्यावर पुढं काय झालं ते तीन महिन्यांनी परत तिथंच येऊन सांगायचं. कारण आमच्याकडं शिबिरं होतात, फॉर्म भरले जातात आणि त्याची पोच कुणाला मिळत नाही, असं मावशींच्या घरातच दोनदा झालंय. ज्या चेंबरला मिलानहून उत्तर मिळवता येतं त्याला चेन्नईच्या ऑफिसला फोन करून अर्ज कुठं अडकलाय ते विचारणं जड नाही.

आणि दुसरं, आम्हा दुकानदार सभासदांना बांधून घ्या. बिलावर लिहायचं, अस्सल चामडं हातबनावटीचं की रेक्झिन मशीनचं. रेक्झिन विकू नका असं मी म्हणत नाही, गरीब गिऱ्हाईकाला ते पण लागतं, पण लिहून विका. कारागिराचे पैसे १५ दिवसांत, नाहीतर करार करून ४५ दिवसांत. जो दुकानदार हे पाळेल त्याच्या दारावर चेंबरचा स्टिकर लागू दे. काही जण नाराज होतील, वर्गणी थांबवतो म्हणतील. कोल्हापुरातल्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी आपण सगळे एकत्र राहून शेवटपर्यंत लढलो होतो, तेव्हा कुणी कुणाच्या वर्गणीचा विचार केला नव्हता.

जागेची अडचण असेल तर सुभाषनगरातली आमची जुनी खोली, जिथं वडील बसायचे, ती रविवारी मोकळी असते. लाईट आहे, पंखा आहे, खुर्च्या मी आणतो. मावशींना मी सांगून ठेवलंय की फेब्रुवारीच्या आत कुणीतरी येईल, पिशवी तयार ठेवा.

पत्र छापलंत तर आभारी राहीन, लांब झालं असेल तर कापा पण टेबलाचा भाग कापू नका.

आपला,
एक चप्पल दुकानदार आणि चेंबर सभासद,
कोल्हापूर