लाल पेन्सिल

वाई, १४ जून

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली जपानी फोटोग्राफर नोबुयोशी अराकीवरची डॉक्युमेंटरी परवा रात्री स्टुडिओ बंद केल्यावर पाहिली. तुझी आईही बसली होती. त्याच्या फोटोंतल्या दोरांनी बांधलेल्या बायका पडद्यावर आल्या तशी ती उठून भांडी आवरायला गेली. त्याच्या बायकोचे, योकोचे फोटो लागले तेव्हा मी हाक मारली, तर पदराला हात पुसत आली आणि मग शेवटपर्यंत हलली नाही. फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, कसा वाटला माणूस?’ एका वाक्यात सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितोय.

योकोपासूनच सुरू करतो. १९७१ साली लग्न झाल्यावर मधुचंद्राच्या प्रवासाचे फोटो त्याने स्वतःच्या खर्चाने छापले, हजार प्रती. त्यातला यानागावा या ठिकाणचा फोटो तू भिंतीवर लावला आहेस, माहीत आहे मला. होडीत चटईवर अंग मुडपून झोपलेली योको. नवी नवरी आणि निजली आहे पोटातल्या बाळासारखी. लग्नाचे हजारो फोटो काढले मी, पण दमलेली नवरी कधी काढली नाही. नवरी दमलेली दिसली की आपण म्हणायचं, ‘ताई, जरा हसा.’

मग १९९० चा जानेवारी. कर्करोगाने योको दवाखान्यात. कोबुशी नावाच्या पांढऱ्या फुलांच्या कळ्यांचा गुच्छ घेऊन हा भेटायला निघालाय आणि जिन्यावर पडलेली स्वतःची सावली टिपतोय. मग दोघांचे हात, एकमेकांत धरलेले. मग शवपेटी, चेहऱ्याभोवती फुलंच फुलं आणि फुलांत त्यांच्या चिरो मांजरीच्या फोटोंचं पुस्तक. आणि शेवटी गच्चीत बर्फावर उडी मारणारी चिरो. आपल्याकडे हातांचा फोटो म्हणजे मेंदीचा. त्या दोन हातांकडे मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. आईने हळूच विचारलं, ‘एका हाताने तिला धरलं असेल आणि दुसऱ्याने कॅमेरा?’ होय, तसंच असणार. मला नसतं जमलं.

या फोटोंत योको नुसती ‘काढलेली’ नाही. देंत्सू या जाहिरात कंपनीत दोघांची ओळख झाली, तीही तिथेच कामाला होती. पुढे ती स्वतः लेख लिहायची, त्याच्याबरोबरच्या संसाराबद्दलही. तो तिला कसा बघतो ते फोटोंत आहे आणि ती त्याला कशी बघते ते तिच्या लिखाणात. होडीतली योको मला झोपेतही पाहुणी किंवा परकी वाटत नाही, ती त्यामुळे.

आता दुसरी बाजू. अराकीचा जन्म १९४० चा, टोकियोतल्या मिनोवा भागातला. वडिलांचं गेता म्हणजे लाकडी चपलांचं दुकान, आणि त्यांनाही फोटोचा नाद. घराजवळ जोकान-जी नावाचं देऊळ आहे. शेजारच्या योशिवारा या वेश्यावस्तीतल्या बायका मेल्या आणि त्यांना कुणी वाली नसला, तर त्यांना तिथे आणून टाकत. अशा हजारो बायका तिथे पुरलेल्या आहेत. त्या देवळाच्या आवारात हा पोरगा खेळला. त्याच्या फोटोंत मरण आणि बाईचं शरीर इतकं जवळजवळ का येतं, याचं थोडं उत्तर मला तिथे मिळालं. पण मला त्या बायकाच आठवत राहिल्या, ज्यांचं म्हणणं कुणी लिहून ठेवलं नाही.

तुझी डॉक्युमेंटरी २००४ ची. गायिका ब्योर्क त्याच्याबद्दल बोलते, सिनेमावाला ताकेशी कितानो बोलतो, दाइदो मोरियामासारखा थोर फोटोग्राफर बोलतो. अराकी स्वतः तर किती लाघवी माणूस! हसतो, हसवतो, समोरचीही खुशीत दिसते. ते पाहून आई म्हणाली, ‘कॅमेरा बंद झाल्यावर काय म्हणत असतील गं बाई?’

याचं उत्तर एकीने दिलंय. २००१ ते २०१६ ती त्याची मॉडेल होती. म्हणजे ही डॉक्युमेंटरी बनत होती तेव्हाही. एप्रिल २०१८ मध्ये तिने स्वतः लिहिलं की कधी करार झाला नाही, बऱ्याचदा पैसे मिळाले नाहीत, तिचे फोटो पुस्तकांत आणि प्रदर्शनांत तिला न सांगता लागले, परक्या माणसांसमोर उघडं व्हावं लागलं. जग तिला त्याची प्रेरणा म्हणत होतं आणि ती आतून मोडत होती. हे तू वाचलं नसशील तर वाच. वाचलं असून मला सांगितलं नसशील तर मला वाईट वाटेल.

१९९२ मध्ये अश्लीलतेवरून त्याला दंड झाला होता. तेव्हा तो कलेच्या स्वातंत्र्यासाठी सरकारशी लढणारा माणूस ठरला, आणि त्या बाबतीत मी त्याच्याच बाजूचा आहे. पण कायदा काय तपासत होता? फोटोत अंगाचं काय दिसतं आणि काय नाही, एवढंच. ते दाखवायला ती बाई हो म्हणाली होती का, हे त्या भांडणात ना सरकारने विचारलं ना सरकारशी भांडणाऱ्यांनी.

आता माझं ऐक. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. तुझ्या जन्माआधीची गोष्ट. एक मुलगी ‘दाखवायचा’ फोटो काढायला आली. खिडकीचा उजेड गालावर असा काही पडला होता की मी हौसेने बारा बाय पंधराचा एन्लार्ज केला आणि बाहेरच्या शोकेसमध्ये लावला. लोक थांबून बघायचे. मला वाटायचं, मी तिचा मानच केलाय. महिन्याभराने ती आली, एकटीच. म्हणाली, ‘दादा, मी तीन कॉप्यांचे पैसे दिले होते. हा चौथा रस्त्यासाठी का?’ येता-जाता बसस्टँडवर पोरं तिला ‘शोकेसवाली’ म्हणत होती. फोटो काढून तिच्या हातात दिला, निगेटिव्हही दिली. ती रडली नाही, ओरडली नाही, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. काउंटरवरची लाल पुठ्ठ्याची वही, जिच्यात शोकेसला लावण्याआधी आपण गिऱ्हाइकाची सही घेतो, ती दुसऱ्या दिवशी आणली.

म्हणून तुझ्या रूममेटबद्दल विचारतोय. वर्षभर तू तिचे फोटो काढते आहेस. झोपलेली, तापात पडलेली, घरच्यांशी भांडून रडलेली. तू पाठवलेले सहा मी पाहिले. मुली, माझ्यापेक्षा तुझी नजर चांगली आहे, हे मी तोंडदेखलं म्हणत नाही. तापातला, कपाळावरच्या ओल्या रुमालाचा फोटो यानागावाच्या जवळ जातो. पण ती हो म्हणाली ती केव्हा? पहिल्या दिवशी गमतीत, की हे सगळं पाहून? कॉलेजच्या भिंतीवर तिचे आई-वडील हे बघतील, ते तिला ठाऊक आहे का?

ऑगस्टच्या प्रदर्शनाआधी एक कर. सगळे रोल कॉन्टॅक्ट शीटवर, म्हणजे एका कागदावर रोलच्या सगळ्या फ्रेम छोट्या आकारात, काढ, निवडलेले नाही, सगळेच. खोलीत तिच्यापुढे मांड आणि लाल पेन्सिल तिच्या हातात दे. ती ज्या फ्रेमवर फुली मारेल ती गेली, मग ती रुमालाची का असेना. त्या वेळी तू बोलू नकोस. चहा कर आणि बाहेर जाऊन उभी राहा.

पेन्सिल तिकडे मिळत नसेल तर आईच्या लाडवांच्या डब्यात ठेवतोय, एस.टी.च्या पार्सलने शनिवारी पोचेल.

तुझा,
बाबा