दसऱ्याआधीची वही : आमच्या केंद्रप्रमुख बाईंना पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या केंद्रातले, म्हणजे तुमच्या देखरेखीखालच्या आसपासच्या शाळांतले, सगळे शिक्षक तुम्हाला मॅडम म्हणतात. गावातल्या आया मात्र बाई म्हणतात, आणि तुम्ही मला खऱ्या अर्थानं कळलात त्या आयांमुळे, म्हणून मीही बाईच म्हणते. या महिनाअखेर तुम्ही सेवानिवृत्त होताय. शाल-श्रीफळ होईल, भाषणं होतील, मलाही दोन मिनिटं बोलायला मिळतील. दोन मिनिटांत हे मावणार नाही आणि माईकसमोर मला रडू आवरणार नाही. शिवाय तुम्ही काय केलंत ते आपल्या केंद्राबाहेरच्या शिक्षकांनाही कळावं असं वाटतं. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

२०२४ च्या मार्चमध्ये शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन मी नांदेडहून बीड जिल्ह्यातल्या या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आले. ऊसतोड मला बातम्यांपुरती माहीत होती. पाडव्याच्या सुमाराला तोडीला गेलेल्या घरांचे ट्रॅक्टर परत येऊ लागले. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, शेळ्या, आणि सगळ्यात वर बसलेली लेकरं. शाळेत रुजू झाल्यापासून ज्या नावांपुढे मी गैरहजेरी मांडत होते, ती नावं अशी एका संध्याकाळी गावात उतरली. काहींच्या अंगाला अजून उसाच्या पाचटाचा वास होता.

त्या वर्षी मी जे केलं ते आधी लिहायला हवं, कारण तुमचे आभार तिथूनच सुरू होतात.

शासनाचं परिपत्रक निघतं, संचालनालयातून जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात येतं, तिथून गटशिक्षणाधिकारी, मग केंद्रप्रमुख, मग मुख्याध्यापक, मग माझा मोबाईल. पालकांपर्यंतचा शेवटचा टप्पा माझा. मी पीडीएफ पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकत असे आणि खाली लिहीत असे, "सर्व पालकांनी नोंद घ्यावी." दोन निळ्या खुणा उमटल्या की माझ्या लेखी निरोप पोहोचलेला असे.

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, म्हणजे आपण सगळे जिला एनएमएमएस म्हणतो ती आठवीची परीक्षा, तिचं परिपत्रकही मी असंच पुढे ढकललं. सातवीत ५५ टक्के गुण हवेत, आईवडिलांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. चार वर्षांचे ४८,०००. तोडणी टोळीच्या मुकादमाकडून घेतलेल्या आगाऊ उचलीवर वर्ष काढणाऱ्या घरात ही रक्कम काय असते, ते मला तेव्हा उमगलं नव्हतं. माझ्या वर्गात एक मुलगी होती, गणितात अशी चलाख की फळ्यावर उदाहरण लिहून होईपर्यंत तिचं उत्तर तयार असे. अर्ज दिवाळीच्या मागेपुढे भरायचे असतात. तिचे आईवडील दसरा झाल्या झाल्या कोल्हापूरकडे गेले होते. उत्पन्नाचा दाखला निघालेला नव्हता. दाखल्यासाठी वडील हवेत, वडील उसाच्या फडावर, आणि फडावरून एक दिवस उठायचं तर मुकादमाच्या वहीत खाडा लागतो. तारीख गेली. ही परीक्षा आठवीतच देता येते, पुढच्या वर्षी पुन्हा नाही.

तिच्या आजीच्या घरी मी गेले तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली, "तुमी फोनवर टाकलं व्हतं म्हनं. पर वाचणारं कोण हाय घरी?"

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे आले. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं. तुम्ही समूह साधन केंद्राच्या, म्हणजे तुमच्या कार्यालयाच्या, त्या पत्र्याच्या खोलीत मला समोर बसवलंत, तेच परिपत्रक काढलंत आणि म्हणालात, "मोठ्यानं वाच." मी वाचलं. "आता आजीला सांगतेस तसं सांग." मला सांगता येईना. 'पात्रताधारक विद्यार्थ्यांच्या पालकांनी सक्षम प्राधिकाऱ्याचा उत्पन्नाचा दाखला सादर करणे बंधनकारक राहील', यातलं एकही वाक्य माझ्या तोंडी मावेना. अर्ध्या तासानं चार ओळी तयार झाल्या. त्या चार ओळी तुम्ही माझ्याच हातानं एका शंभरपानी वहीत लिहून घेतल्यात. बाई, बी.एड.ला माझी दोन वर्षं गेली, पण पालकाशी कसं बोलावं ते मी त्या अर्ध्या तासात शिकले.

ती वही मग मी पूर्ण पाहिली. प्रत्येक परिपत्रकाला एक पान. वर डाव्या बाजूला 'गुरुजींसाठी', उजव्या बाजूला 'घरासाठी', खाली तारीख. आणि ती तारीख परिपत्रकातली नसायची! शेवटची मुदत नोव्हेंबरातली असली तरी तुमच्या वहीत दसऱ्याच्या आधीची तारीख, लाल पेनानं. मी विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलंत, आपल्या गावांचं वर्ष जूनला सुरू होतं आणि दसऱ्याला मोडतं. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला की आपल्याकडे सांगायला माणूस उरत नाही. इतकी साधी गोष्ट, पण कुठल्या प्रशिक्षणात मला कुणी सांगितली नव्हती.

आणि ते रात्री आठचे निरोप. फडावरची माणसं पहाटे अंधारात उठतात, दिवसभर तोड, मग मोळ्या बांधून गाडी भरायची. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, येऊन चूल पेटते तेव्हा कुठे फोन हातात येतो. तुम्ही त्याच वेळेला आवाज रेकॉर्ड करून पाठवायचात. त्यातला एक मी जपून ठेवलाय: "नमस्कार, केंद्रावरची बाई बोलते. आठवीत लेकरू असंल तर ऐका. एक परीक्षा हाय. यादीत नाव आलं तर नववीपासून बारावीपर्यंत महिन्याला हजार रुपये लेकराच्या खात्यावर येतेत. दाखला लागतो, तो तुमी गावात असतानाच काढायचा. सोमवारी शाळेत या, रेशनकार्ड न् आधार घेऊन या." एक मिनिटही नाही. अंगठा उमटवणारी आईसुद्धा तो तीनदा ऐकू शकते, शेजारच्या कोपीला ऐकवू शकते.

पुढच्या वर्षी भाद्रपदातच आपण शाळेत दाखल्यांचा दिवस ठेवला. तलाठी आले, सेतूवाला संगणक घेऊन आला, पोरांना वाटलं काहीतरी सण आहे. त्या दिवशी दुपारी तुम्ही व्हरांड्यात बसून प्रत्येकाचं नाव आधारशी ताडून पाहत होतात. एका अक्षराच्या फरकानं पैसे अडकतात हे तुम्हाला पाठ होतं. दोघी मुली परीक्षेला बसल्या आणि एकीचं नाव निवड यादीत आलं. ते सांगायला मी फोन केला तेव्हा तुम्ही आधी दुसरीबद्दल विचारलंत.

या दोघी डिसेंबरात परीक्षेला गावात होत्या त्या हंगामी वसतिगृहामुळे. बाहेरच्यांना सांगते, वसतिगृह म्हटलं की इमारत डोळ्यांसमोर येते, तसं हे नसतं. आईबाप तोडीला गेलेलं लेकरू गावातच आजी-आजोबांकडे नाहीतर चुलत्याकडे राहतं आणि त्याच्या जेवणाची सोय शाळा व्यवस्थापन समिती करते. पण त्यासाठी आधी सर्वेक्षण हवं, प्रस्ताव हवा, आणि आईबापांचा जीव पटायला हवा. शेवटचं सगळ्यात अवघड. तुम्ही घरोघर संध्याकाळी जायचात, ओसरीवर बसायचात. एका बापानं विचारलेलं मला आठवतं, "पोरीला म्हातारीच्या भरवशावर ठिवू कशी?" तुम्ही त्याला योजना सांगितली नाहीत. त्याच्या म्हातारीला विचारलंत, "तुमचं काय म्हणणं?" म्हातारीनंच हो म्हटलं.

ज्यांचं तरीही जाणं ठरलं, त्यांच्यावर तुम्ही कधी चिडला नाहीत, हेही इथे लिहायला हवं. तान्ह्या भावंडाला कोण सांभाळणार, हा प्रश्न त्या घरापुढे असतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा नऊ-दहा वर्षांची बहीण असते. अशा प्रत्येक लेकराच्या दप्तरात तुम्ही शिक्षण हमी कार्ड ठेवायला लावलंत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. त्यावर इयत्ता, काय येतं, काय येत नाही. "नाव कमी करतेत का बाई?" ही भीती घरोघर होती. तुम्ही समजावलंत की शिक्षण हक्काचा कायदा २०१० च्या एप्रिलपासून देशभर लागू आहे, मूल जिथे जाईल तिथली शाळा त्याला वयाप्रमाणे वर्गात घेते, कागद उशिरा आला म्हणून नाही म्हणता येत नाही. एक कुटुंब बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्यावर निघालं होतं. सीमा ओलांडून कन्नड शाळेत लेकरू काय करेल, म्हणून आई रडकुंडीला आली होती. बेळगावकडे सरकारी मराठी शाळा आहेत, कोपीजवळची कुठली ते आधी विचार, असं तुम्ही तिला सांगितलंत आणि कार्डाच्या मागे कन्नड येणाऱ्या कुणाकडून तरी तीन ओळी लिहूनही आणल्यात.

शाळा व्यवस्थापन समितीचंही तसंच. कायद्यानं तिच्यात ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका. आमच्या समितीतले निम्म्याहून अधिक सदस्य दिवाळीनंतर उसाच्या फडात असतात. फेब्रुवारीच्या सभेत तुम्ही टेबलावर फोन ठेवलात, स्पीकर लावलात, आणि साताऱ्याकडच्या फडावरून आमच्या उपाध्यक्षताई पोषण आहारातल्या डाळीबद्दल बोलल्या. मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. गावात असताना त्या सभेत कधी बोलल्या नव्हत्या.

शिक्षकांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण ते माझे सहकारी तुम्हाला स्वतः सांगतील. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत तुम्ही परिपत्रक वाचून दाखवण्यात वेळ घालवला नाहीत. निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत तिसरीपर्यंतच्या प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं असं आहे, ते सगळ्यांच्या भिंतीवर लागलेलं होतं. पाच महिने फडावर राहून आलेल्या लेकराचं काय करायचं हे भिंतीवर नव्हतं. तुम्ही एका मुलाला जवळ घेतलंत, आधी अक्षर, मग शब्द, वाक्य, उतारा, तो कुठे अडखळतो ते आम्हा सगळ्यांसमोर शांतपणे ऐकलंत, आणि त्याला चौथीचं पुस्तक मिटून ठेवायला सांगितलंत. मग तुम्ही त्याला त्यानं पाहिलेल्या कारखान्याबद्दल विचारलंत. तो उसाच्या गाडीचं वजन, काट्यावरची रांग, मळीचा वास, सगळं सांगत सुटला. तुम्ही ते फळ्यावर लिहिलंत आणि त्यानं स्वतःचंच बोलणं वाचलं. आम्ही वीस-बावीस शिक्षक होतो. त्या खोलीतली शांतता मला अजून ऐकू येते.

आणि आमच्या एका सहकारी ताईंचं लेकरू आजारी होतं. त्या बिनपगारी रजेचा अर्ज लिहीत होत्या. महिला कर्मचाऱ्यांना २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, हे तुम्ही त्यांना सांगितलंत आणि अर्जाचा नमुनाही वहीतून काढून दिलात. 'गुरुजींसाठी' या रकान्यात हेही होतं.

ती पहिली मुलगी, जिची परीक्षा माझ्यामुळे हुकली, तिच्यासाठीही तुम्ही धावलात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी २०२१ मध्ये मंजूर झालेल्या संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहाची माहिती तुम्ही तिच्या वडिलांना फडावर फोन करून दिलीत, कागद गोळा करून दिलेत. आज ती तिथे राहून दहावीला आहे. मागच्या रविवारी तिचा फोन आला होता. गणित अजून तसंच चलाख आहे. त्या ४८,००० रुपयांचं माझ्या मनातलं ओझं उतरलेलं नाही, उतरूही नये असं मला वाटतं. पण तिचा आवाज ऐकला की तुमची आठवण आधी येते.

परवा तुम्ही ती वही माझ्या हातात ठेवलीत. कडा मऊ झाल्यात, मधल्या पानांवर चहाचा डाग आहे, शेवटची अकरा पानं कोरी आहेत. यंदाची पहिली नोंद मी काल रात्री केली. डाव्या बाजूला 'गुरुजींसाठी', उजव्या बाजूला 'घरासाठी'. लाल पेन नवा आणला. आज आठ वाजता पहिला निरोप माझ्या आवाजात जाणार आहे. दुपारी आमच्या पोषण आहाराच्या मावशींना ऐकवून पाहिला. त्या म्हणाल्या, "जरा हळू बोला, बाई बोलतेत तसं." तो पुन्हा केलाय.

सोमवारी दाखल्यांचा दिवस आहे. नऊ घरं यायची आहेत, त्यातल्या दोघांच्या आधारवर आडनाव चुकलंय आणि ते कसं दुरुस्त करायचं ते मला एकटीला जमणार नाही. तुमचे अजून तीन दिवस आहेत. दहाच्या आत या, मी व्हरांड्यात तुमची खुर्ची टाकून ठेवते.

तुमची,
केंद्रातली सगळ्यात नवी शिक्षिका