दही हे आमवातावरील मेथोट्रेक्सेट या औषधाला पर्याय नाही

महोदय,

आरोग्य पुरवणीतील ‘दही खा, सांधेदुखी घालवा’ अशा आशयाचा लेख वाचला. त्यात गुडघ्याची झीज आणि आमवात (रुमॅटॉइड, म्हणजे प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार) यांची सरमिसळ झाली आहे. प्रोबायोटिक्सचा (आरोग्याला उपयुक्त जिवंत जिवाणूंचा) आमवातात उपयोग होऊ शकतो, पण त्याचा पुरावा मर्यादित आहे. इराणमधील २०१४च्या एका चाचणीत ४६ आमवातग्रस्त स्त्रियांपैकी काहींना आठ आठवडे रोज ‘लॅक्टोबॅसिलस केसी ०१’ या वाणाचे (जिवाणूच्या विशिष्ट उपप्रकाराचे) दहा कोटी जिवाणू असलेली कॅप्सूल दिली, तर उरलेल्यांना जिवाणू नसलेली निष्क्रिय कॅप्सूल. पहिल्या गटात सांध्यांची सूज आणि रक्तातील सीआरपी (दाह दाखवणारे प्रथिन) घटले. मात्र दोन्ही गटांची नेहमीची औषधे सुरूच होती, आणि लेखात नेमके हेच सुटले आहे.

घरच्या विरजणात कोणते वाण किती आहेत, हे सांगता येत नाही. शिवाय कढी उकळली की जिवाणू मरतात. कॅप्सूल फोडून गरम चहात घातली तरी तेच. प्रोबायोटिक विकत घेताना पाकिटावर वाणाचे पूर्ण नाव आणि मुदत संपेपर्यंत टिकणारी जिवाणूंची संख्या पाहावी. नुसते ‘लॅक्टोबॅसिलस’ एवढेच छापलेले पाकीट परत ठेवावे. अँटिबायोटिक चालू असल्यास ते आणि प्रोबायोटिक यांत किमान दोन तासांचे अंतर हवे. स्टेरॉइड किंवा बायोलॉजिक इंजेक्शने घेणाऱ्यांची प्रतिकारशक्ती दबलेली असते, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मेथोट्रेक्सेट परस्पर थांबवले की काही आठवड्यांत सूज उसळू शकते, आणि सांध्याची झालेली झीज कोणत्याही दह्याने भरून येत नाही.

– एक वाचक, सातारा