चौतीस रुग्णांची फाईल बंद ठेवायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

नांदेडला बायोटेक शिकणाऱ्या मुलीला प्रोग्रॅमिंगची इंटर्नशिप द्यायला कोणी तयार नव्हतं. पुण्याहून तुमचं उत्तर आलं, तेही मराठीत. तुम्ही मूळच्या उदगीरच्या, हे फार नंतर कळलं.

सुरुवातीला तुम्ही मला कोड लिहूच दिला नाही. आधी १९९९ चा गोलब आणि सहकाऱ्यांचा रक्ताच्या कॅन्सरवरचा शोधनिबंध वाचायला लावलात. ल्युकेमियाचे दोन प्रकार, एएलएल आणि एएमएल. उपचार वेगळे, म्हणून निदान अचूक हवं. तुम्ही हे समजावत होतात तेव्हा फोन स्पीकरवर होता. अण्णा शेतातून नुकतेच आले होते. त्यांनी मध्येच विचारलं, "मग प्रकारच चुकीचा ओळखला तर?" तुम्ही त्यांनाही माझ्याइतकंच नीट समजावलंत. त्या दिवसापासून घरात माझ्या लॅपटॉपकडे बघण्याची नजर बदलली.

मग डेटा आला. प्रोग्रॅमला शिकण्यासाठी ३८ रुग्ण, त्याला तपासण्यासाठी ३४, आणि प्रत्येकाच्या हजारो जनुकांची मोजमापं. तुम्ही मला 'एएलएल-एएमएल'ची लेबलं, म्हणजे कुठल्या रुग्णाला कुठला प्रकार हे, मुद्दाम ढवळायला सांगितलीत. लेबलं खोटी, तरी सगळ्या नमुन्यांवरून आधी प्रकार ओळखायला उपयोगी वाटणारी जनुकं निवडली आणि मग क्रॉस-व्हॅलिडेशन केलं (दर फेरीत काही नमुने बाजूला ठेवायचे, बाकीच्यांवर शिकायचं आणि बाजूच्यांवर तपासायचं), तर अचूकता भरघोस! रुग्ण मूठभर आणि जनुकं हजारो असली की काही जनुकं निव्वळ योगायोगानं कुठल्याही लेबलांशी जुळतात. फुटलेल्या पेपरवरचे मार्क आहेत हे, असं तुम्ही म्हणालात. जनुकांची निवड दर फेरीत नव्यानं, फक्त शिकण्याच्या नमुन्यांवरून करायची. आणि त्या ३४ जणांची फाईल शेवटपर्यंत उघडायची नाही. इतक्या शिस्तीनं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या निबंधातली मला सर्वांत आवडलेली गोष्टही तुम्हीच दाखवलीत. ५० जनुकांच्या त्यांच्या पद्धतीनं ३४ पैकी २९ जणांबद्दलच ठाम उत्तर दिलं, आणि ती सगळी उत्तरं बरोबर निघाली. उरलेल्या पाच जणांबद्दल तिनं ठाम काही सांगितलंच नाही. "खात्री नाही" असं सांगणारा प्रोग्रॅम लिहिणं हेही आपलंच काम, हे मला तिथं पटलं. रुग्ण कुणाच्या तरी घरचा असतो. माझ्या कोडमध्ये आता 'अनिश्चित' हा तिसरा पर्याय कायम असतो.

सध्या कॉलेजमधल्या दोन ज्युनिअर मुलींना मी 'आर' ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतेय. सुरुवात लेबलं ढवळण्यापासूनच केली. त्यातल्या एकीनं विचारलं, की एका प्रकारचे नमुने एका दवाखान्यातून आणि दुसऱ्याचे दुसरीकडून आले असतील, तर मॉडेल आजार ओळखतंय की दवाखाना, हे कसं कळणार? मी तिला थोडंफार सांगितलं, पण तुमच्याकडून ऐकायचंय. रविवारी संध्याकाळी आम्ही तिघी फोन करू का?

आपली विद्यार्थिनी,
जिंतूर, जि. परभणी