न्यूअर्कच्या अष्टकोनातून

कोलंबस, ओहायो
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय विनू,
सप्रेम नमस्कार.

काल एकदाचा न्यूअर्कच्या त्या प्राचीन मातीच्या बांधांच्या अष्टकोनात जाऊन आलो. २०१९ मध्ये गेलो होतो तेव्हा कडेच्या मचाणावरूनच बघून परतलो होतो, आठवतं? आत गोल्फ चालू होता.

न्यूअर्क इथून पाऊण तासावर. सुमारे २,००० वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी काठ्यांनी माती उकरून, टोपल्यांनी वाहून हे बांध घातले. ५० एकरांचा अष्टकोन आणि त्याला जोडलेलं २० एकरांचं वर्तुळ. ही वस्तीही नव्हे अन् किल्लाही नव्हे. लांबलांबून येऊन विधींसाठी जमायची जागा. बांध जेमतेम पुरुषभर उंच आहेत. कोपऱ्या-कोपऱ्यात वाट सोडलेली. मी प्रत्येक वाटेने आत-बाहेर करत राहिलो, पाय दुखेपर्यंत.

चंद्राचं तर ऐकच. त्याची उगवायची जागा क्षितिजावर सरकत १८.६ वर्षांतून एकदा उत्तरेच्या अगदी टोकाला पोचते. वर्तुळ आणि अष्टकोन या दोन्हींच्या मधोमधून जाणारी रेषा नेमकी तिकडे रोखलेली आहे! १९८२ मध्ये हायव्हली आणि हॉर्न या प्राध्यापकांनी हे मोजून दाखवलं. लिपी नसताना हे पोराबाळांना सांगत, लक्षात ठेवत किती पिढ्या गेल्या असतील रे?

बाकीचे बरेच बांध कालवा, रेल्वे आणि घरांखाली गेले. हा भाग १९१० पासून गोल्फ क्लबकडे. हिरवळ राखली गेली म्हणून इथे नांगर फिरला नाही, हे मान्य. पण सगळीकडे मोकळं फिरायला वर्षातून चारच दिवस मिळायचे, आणि क्लबचा भाडेपट्टा २०७८ पर्यंतचा. मला हे राखणं वाटतच नाही. ओहायोच्या इतिहास संस्थेने तो पट्टा सोडवून घ्यायला कोर्टात धाव घेतली, २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं आणि यंदा १ जानेवारीपासून जागा सगळ्यांना खुली झाली. ज्या शॉनी या मूळ अमेरिकी लोकांना १८३० च्या दशकात ओहायोतून हुसकावलं, त्यांनाही आता कुणाची परवानगी न मागता आत चालता येतं. काल बांधाशी उभा असताना मला सगळ्यांत जास्त हेच जाणवत होतं.

तुझी फार आठवण आली. काटोल रस्त्याने सायकली हाणत नागपूरजवळच्या जुनापाणीला जायचो, तेव्हा शिळावर्तुळांतल्या दगडांवरच्या त्या वाटीसारख्या खळग्यांवर तू बोट फिरवत बसायचास. इतक्यात गेला होतास का तिकडे? नसशील तर जा, आणि त्या खळग्यांचे फोटो पाठव. कुठले दगड कसे आहेत, सगळं सविस्तर लिही.

काकूंना नमस्कार.

तुझा,
सुधीर