अकरा महिन्यांचा नसलेला करार

संपादक महोदय,

पुण्यात ‘करार’ म्हटलं की अकरा महिन्यांचा भाडेकरार आणि डिपॉझिटच आठवतं. शेजारच्या काकांनी परवा विचारलंच, ‘तुमच्या बायबलाचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार, म्हणजे जुन्याची मुदत संपली का?’ प्रश्न रास्त आहे.

हिब्रू भाषेत करार ‘कापतात’. ‘उत्पत्ती’ या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात देवाशी करार होताना इस्राएल लोकांचा पूर्वज अब्राम (पुढचा अब्राहाम) जनावरं चिरून त्यांचे अर्धे भाग समोरासमोर मांडतो. करार करणाऱ्यांनी त्यांमधून चालत जायचं. शब्द मोडला तर आपलीही हीच गत होवो, असा त्याचा अर्थ. पण अब्रामाला गाढ झोप लागते आणि मधून जाते ती फक्त धुमसती भट्टी नि जळती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण. सही एकट्या देवाची! असा घरमालक पेठेत सापडणं कठीण.

पुढे सीनाय पर्वतावर इस्राएल लोकांना देवाच्या आज्ञा मिळाल्या, त्यांनी त्या मोडल्याही. तेव्हा यिर्मया संदेष्टा (त्याच्या नावाच्या पुस्तकात, ३१:३१-३४) अंतःकरणावर लिहिलेल्या नव्या कराराविषयी सांगतो. शेवटच्या भोजनात येशूने प्याला दिला तो याच करारासाठी, असं आम्ही ख्रिस्ती मानतो.

काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग डिपॉझिट?’

– एक वाचक, कॅम्प, पुणे