सिटी बसनं जा

चि. तायडीस,
अनेक आशीर्वाद.

चार दिवस झाले, फोन लावला की सोन्याच उचलतो. "आई अभ्यास करतीय." नाहीतर "आई निजलीय." निजलीय म्हणाला की बरं वाटतं.

स्टँडवर बोललो ते चुकलं. "नोकरी तरी सोड, नाहीतर शिक्षण तरी," हे सोन्यादेखत, भरल्या फलाटावर बोलायला नको होतं. भाडं कोण भरतं, फी कुठून येते, मला ठाऊक आहे. सोन्याला इथं ठेव म्हणालो, त्याचाही तू काढलास तो अर्थ नव्हता.

शिक्षणाबद्दल आता बोलत नाही. फक्त ते स्कूटीचं. रात्रभर वॉर्डात उभी राहतेस, सातला सुटतेस, सोन्याचा डबा करून त्याला रिक्षात बसवतेस आणि नर्सिंगच्या वर्गासाठी नऊच्या आत स्कूटीवरून मिरज गाठतेस. सांगली-मिरज म्हणजे काय लांब, म्हणतेस. 31 वर्षं स्टेअरिंग धरलेल्या माणसाला हे सांगू नकोस.

1994 सालची एक गोष्ट तुझ्या आईलाही सांगितली नव्हती. मुंबई-सातारा रातराणी. खंबाटकीला तेव्हा बोगदा नव्हता, जाता-येता घाटच. घाटात काही झालं नाही, वळणं माणसाला जागं ठेवतात. घाट उतरलो, सरळ रस्ता लागला, आता काय सातारा आलंच असं मनात आलं आणि मी गेलो. डोळे उघडे होते. कंडक्टरनं दंडाला हिसका दिला तेव्हा डावी चाकं साइडपट्टीवर होती. गाडीत 40 च्या वर माणसं. तोंडात फुटाणे होते, दोनदा तोंड धुतलेलं, कशाचा उपयोग नाही. पहाटेची झोप कळते तरी. उजाडल्यावर, काम उरकल्यावर येते ती कळतच नाही. आणि तुझा तो विश्रामबागवरून जाणारा रस्ता, सरळच की.

बघ, पुन्हा तेच लावलं.

खरं तर लिहायचं होतं ते दुसरंच. बारावीनंतर तू नर्सिंगचा फॉर्म आणला होतास. मी नको म्हणालो. का, तर रात्रपाळी असते. आणि म्हणणारा कोण, तर महिन्यातल्या निम्म्या रात्री घराबाहेर काढणारा! तेव्हा भरू दिला असता तर आज लेकरू पदरात घेऊन तुला ही तीन वर्षं काढावी लागली नसती. त्या घरचं मी काही काढत नाही, पण ते स्थळही मीच आणलेलं.

दिवाळीत तू आजीच्या सुजलेल्या पायावर बोट दाबून खळगा राहतो का ते बघितलंस, डॉक्टरला दाखवा म्हणालीस. म्हातारी आता गल्लीत येईल त्याला पाय दाबून दाखवते, "आमच्या नर्सबाईनं ओळखलं." पूर्वी आपल्याकडं माणूस हाताबाहेर गेला की "मिरजेला न्या" म्हणायचे, वॉन्लेस साहेबाच्या दवाखान्यात. त्या मिरजेला माझी पोरगी शिकायला जाते, हे मी डेपोत सांगून आलो. चहा मीच पाजला.

थिअरीला 80 टक्के हजेरी लागते आणि प्रॅक्टिकल सगळंच भरून द्यावं लागतं, हे तू सांगितलेलं लक्षात आहे. म्हणून रजा घे म्हणत नाही. पण सिटी बस आपल्या एसटीचीच आहे. खिडकीशी बस आणि डोळे मीट. कंडक्टरला सांग, मिरज स्टँडला उठवा. उठवतात आमची माणसं. तेवढी डुलकीसुद्धा फुटाण्यांपेक्षा बरी. पास काढायला पैसे पाठवतो. नको म्हणू नकोस, हे फीचे पैसे नाहीत.

घरमालकीण काकूंना आपल्या शेतातले घेवडे पाठवतोय. रात्री सोन्या त्यांच्याकडं झोपतो, त्यांचे उपकार कसे फेडायचे कळत नाही. तुमचा तो दिवे लावून शपथ घ्यायचा कार्यक्रम असेल तेव्हा आधी कळव, आजीला आणायचं तर गाडी बघावी लागेल.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मिरजेला पोचलीस की मिस्ड कॉल तेवढा दे. नऊला मी फोन हातात घेऊनच बसलेला असतो. गुरुवारी तू नऊ बावीसला दिलास.

तुझे,
बाबा